स्लॅपस्टिक मूकपट कसे पाहावेत

मूकपटांच्या काळातील स्लॅपस्टिक, म्हणजे धडपड-आपटाआपटीच्या विनोदाचे, लघुपट अनेकांना नुसती धावपळ वाटतात, आणि त्याला बहुतेक वेळा चुकीची गती कारणीभूत असते. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम टिपल्या जात. पुढे बोलपटांसाठी २४ फ्रेमचा वेग ठरला आणि जुनी रिळेही त्याच वेगाने दाखवली जाऊ लागली, त्यामुळे १६ फ्रेमच्या वेगाने जवळपास १७ मिनिटे चालणारे हजार फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपू लागले. म्हणून गतीचा विचार करून जतन केलेली, स्वच्छ प्रतच निवडावी. मात्र हालचाल किंचित चपळ दिसली तर ती चूक समजू नये, कारण पडद्यावर हालचाल वेगवान दिसावी म्हणून विनोदवीर कित्येकदा कॅमेरा मुद्दाम सावकाश फिरवून घेत.

सुरुवात मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीच्या पळापळीपासून न करता, चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल या चित्रपट कंपनीसाठी केलेल्या बारा लघुपटांपासून करावी, असे माझे मत आहे. त्यांत प्रत्येक गमतीला उमलायला वेळ दिलेला आहे. त्यानंतर मूकपटांतला दुसरा विनोदवीर बस्टर कीटन याचा १९२० मधील ‘वन वीक’ पाहावा. त्यात रुळांवर अडकलेल्या घराकडे आगगाडी धावत येते, नवविवाहित जोडपे डोळे झाकून घेते आणि गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते. दोघे सुटकेचा निःश्वास टाकतात, तोच उलट दिशेने आलेली दुसरी गाडी घराचा चुराडा करते. हा प्रसंग लगेच पुन्हा पाहावा आणि या खेपेस नजर नटांऐवजी रुळांवर ठेवावी. पहिली गाडी दुरून नेमक्या कोणत्या रुळांवर आहे हे कळणार नाही, अशाच जागी कॅमेरा उभा केला आहे. फसगत अभिनेत्याने नव्हे, त्या जागेने केलेली आहे.

बहुतेक दृश्यांत माणसे डोक्यापासून पायांपर्यंत दिसतात, त्यामुळे शक्य तितका मोठा पडदा घ्यावा. संगीत बंद करू नये. चित्रपटगृहांतही पियानो किंवा ऑर्गनची साथ असेच.

लॉरेल आणि हार्डी यांचा १९२९ चा ‘बिग बिझनेस’ मात्र चार माणसांच्या सोबतीने पाहावा. त्यात एक जण मोडतोड करत असताना दुसरा शांतपणे आपल्या पाळीची वाट पाहतो, आणि ती वाट पाहण्यातली गंमत एकट्यापेक्षा चौघांत कितीतरी जास्त खुलते.