वॉरंटीतील मोबाईलची दुरुस्ती नाकारली, तर तक्रार कशी करावी

मोबाईल घेऊन सात-आठ महिने झालेले असतात. एके सकाळी पडद्यावर हिरवी उभी रेघ उमटते. सर्व्हिस सेंटरमधील कर्मचारी फोन आत घेऊन जातो आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन सांगतो, की आत पाणी गेले आहे, त्यामुळे वॉरंटी मिळणार नाही, डिस्प्ले बदलायचा तर पैसे भरावे लागतील. बहुतेक माणसे थोडी हुज्जत घालतात आणि पैसे भरून मोकळी होतात. माझ्या मते हे चुकीचे आहे. फोनमध्ये खरोखर पाणी गेले असेल तर खर्च ग्राहकाने सोसावा, पण तसे गेले नसेल तर तोंडी सांगण्यावर विसंबून आपला हक्क सोडून देण्याचे काहीच कारण नाही. या तक्रारीचे पुढे काय होणार, हे बहुधा काउंटरवरच्या पहिल्या अर्ध्या तासातच ठरते, म्हणून तिथे काय करायचे हे आधी नीट समजून घ्यावे.

फोन देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून ठेवावी, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे, आणि *#06# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बिलावरील क्रमांकाशी जुळतो की नाही हे पाहावे. त्यानंतर काउंटरवरच, उजेडात, फोनच्या सर्व बाजूंचे, कडांचे आणि चार्जिंगच्या खाचेचे फोटो काढावेत आणि बिघाड दिसत असताना एक लहानसा व्हिडिओही घ्यावा. फोन एकदा आत गेला, की तो कोणत्या अवस्थेत दिला होता याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे उरत नाही.

मग येते जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेताना त्याची स्थिती आणि तक्रार नोंदवलेला सर्व्हिस सेंटरचा कागद, आणि बहुतेकांचे नुकसान इथेच होते. कर्मचारी घाईने कागद पुढे करतो, आपण सही करतो, आणि फोनच्या स्थितीच्या रकान्यात ‘कडेला मार लागलेला’ किंवा ‘ओरखडे’ असे लिहिलेले असल्याचे घरी आल्यावर लक्षात येते. माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडले. तिचा फोन कधी पडला नव्हता, परंतु सही तिची होती, आणि पुढच्या प्रत्येक पत्राला त्याच सहीकडे बोट दाखवून उत्तर मिळत राहिले. म्हणून जॉबशीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, चुकीची नोंद खोडून घ्यावी, आणि कर्मचारी ती खोडत नसेल तर सहीशेजारी ‘ही नोंद मला मान्य नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहून तारीख टाकावी. बिघाडाचे वर्णनही आपल्या शब्दांत लिहून घ्यावे. केवळ ‘डिस्प्लेची तक्रार’ एवढे न लिहिता ‘अमुक तारखेला फोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर रेघ दिसू लागली’ असे लिहिल्यास दोष केव्हा आणि कसा उद्भवला हे कागदावर राहते.

वॉरंटी नाकारली गेली, तर त्याचे कारण लेखी मागावे. अनेक फोनमध्ये ओल लागल्यास रंग बदलणारी बारीकशी खूण बसवलेली असते. ती बदलल्याचे सांगण्यात आले, तर फोन आपल्यासमोर उघडून दाखवण्याची विनंती करावी, निदान त्या खुणेचा फोटो मागून घ्यावा. लेखी काहीच मिळाले नाही, तर त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल पाठवून घडलेला प्रकार, वेळ आणि जॉबशीटचा क्रमांक कळवावा. फोन ऑनलाइन घेतला असल्यास विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिहावे, कारण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते.

एवढ्याने काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते, मात्र कित्येक तक्रारी याच टप्प्यावर मिटतात. तिथेही यश आले नाही, तर विक्रेता आणि उत्पादक या दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या भाषेतले एक पान पुरते.

यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने केलेला सर्वांत मोलाचा बदल असा, की तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. लांज्यातल्या माणसाने बेंगळुरूच्या कंपनीविरुद्ध रत्नागिरीत दाद मागावी, इतके हे आता सोपे आहे. दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते. बिल, जॉबशीट, फोटो, ईमेल आणि नोटिशीची पोच तारखेच्या क्रमाने जोडावी आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, तरीही विलंब करू नये.

मागणी स्पष्ट असावी: मोफत दुरुस्ती, ती शक्य नसल्यास फोन बदलून मिळणे किंवा किंमत परत मिळणे, शिवाय मनस्ताप आणि खर्चापोटी ठरावीक रक्कम. वीस हजारांच्या फोनसाठी पाच लाखांची भरपाई मागितल्याने आपलीच बाजू दुबळी दिसते, असे मला वाटते. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत, आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी 15 दिवसांत, कंपनीला उत्तर द्यावे लागते. ही मुदत याहून वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून कंपनीचे उत्तर कोणत्या तारखेला दाखल झाले, हे स्वतः तपासावे आणि उशीर झाला असल्यास ते आयोगाच्या निदर्शनास आणावे.

निकाल आपल्या बाजूने लागला, तर आदेशाची प्रमाणित प्रत लगेच घ्यावी. कंपनीला राज्य आयोगाकडे अपील करण्यासाठी 45 दिवस असतात. त्या मुदतीत अपील झाले नाही आणि आदेशही पाळला गेला नाही, तर त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किमान 25 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.