व्हीएक्सलॅन शिकायचंय? आधी खालचं नेटवर्क पक्कं करा

सीसीएनए झालंय, व्हीलॅन-ट्रंकवर हात बसलाय आणि आता ऐरोली-महापेकडच्या डेटा सेंटरमध्ये नोकरी शोधताय, तर मुलाखतीत व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएनचा विषय निघणारच. व्हीएक्सलॅन म्हणजे लेअर 2 ची फ्रेम यूडीपी पॅकेटात गुंडाळून लेअर 3 च्या नेटवर्कवरून नेणं, आणि ईव्हीपीएन म्हणजे कुठला मॅक कुठे आहे हे बीजीपीने कळवणं. मीही ऑफिसातले स्विच सांभाळता सांभाळता इकडे आलो.

व्हीलॅनचा आयडी 12 बिटांचा, म्हणून वापरता येतात 4094. व्हीएनआय, म्हणजे व्हीएक्सलॅनचा आयडी, 24 बिटांचा, म्हणजे 1 कोटी 67 लाखांच्या वर. हे उत्तर सगळेच पाठ करून येतात. रोजच्या कामात खरी सोय वेगळीच आहे. लीफ (सर्व्हर जोडलेले स्विच) आणि स्पाइन (लीफना एकमेकांशी जोडणारे स्विच) यांच्यामधल्या सगळ्या लिंका लेअर 3 वर चालतात, त्यामुळे स्पॅनिंग ट्री त्यातली एकही अडवून ठेवत नाही. आणि एवढं असूनही व्हर्च्युअल मशीन एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये हलवलं, तरी त्याचा आयपी तोच राहतो.

नेक्ससवरच्या (सिस्कोचे डेटा सेंटर स्विच) कमांडी फार नाहीत. फीचर चालू करा, व्हीलॅनला व्हीएन-सेगमेंट जोडा, एनव्हीई इंटरफेसला (स्विचवरचं व्हीएक्सलॅनचं टोक) लूपबॅक सोर्स म्हणून द्या, बीजीपीत ईव्हीपीएनची अ‍ॅड्रेस फॅमिली उघडा. कॉपी-पेस्टने तासाभरात होतं. अडतं ते चालत नाही तेव्हा. तपासायचं नेहमी खालून वर: एका व्हीटेपच्या (फ्रेम गुंडाळणारा-सोडवणारा लीफ) लूपबॅकवरून दुसऱ्याच्या लूपबॅकला पिंग जातो का, मग बीजीपी सेशन उभं आहे का, मग टाइप 3 रूट (या व्हीएनआयमध्ये कोणते व्हीटेप आहेत ते सांगणारा) दिसतो का, आणि शेवटी होस्टच्या मॅकचा टाइप 2. हा क्रम मोडून थेट एनव्हीईमध्ये हात घालणारे अर्धा दिवस घालवतात.

एमटीयूवर (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) जरा थांबतो, कारण हा त्रास भल्याभल्यांना चकवतो. तक्रार अशी येते: पिंग लागतो, एसएसएचचा लॉगिन प्रॉम्प्टही येतो, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की लटकते. व्हीएक्सलॅन प्रत्येक फ्रेमवर 50 बाइट चढवतं: बाहेरचा इथरनेट 14, आयपी 20, यूडीपी 8 आणि स्वतःचा हेडर 8. सर्व्हरचं 1500 चं पॅकेट बाहेर पडताना 1550 चं आयपी पॅकेट होतं, आणि मधली एखादी लिंक 1500 वर राहिली असेल तर ते तिथेच पडतं. व्हीटेपने तुकडे करायचे नाहीत, असं व्हीएक्सलॅनच्या आरएफसी 7348 मध्येच लिहिलंय. साधा पिंग लहान असतो, तो बिनबोभाट निघून जातो. म्हणून होस्टवरून डीएफ बिट (तुकडे करू नका अशी खूण) लावून 1472 बाइटचा (28 बाइट हेडर धरून 1500) पिंग मारा. आणि अंडरलेच्या, म्हणजे खालच्या नेटवर्कच्या, प्रत्येक इंटरफेसवर 9216 ठेवा, एकही न सोडता.

दुसरी खोच रूट टार्गेटची. कुठला रूट कोणी घ्यायचा हे ठरवणारी ही खूण. ऑटो ठेवलं की ते एएस नंबर (बीजीपीतली नेटवर्कची ओळख) आणि व्हीएनआय मिळून बनतं. सगळीकडे एकच एएस असेल, तर काही प्रश्नच नाही. पण ईबीजीपी डिझाइनमध्ये प्रत्येक लीफचा एएस वेगळा. एकीकडे 65001:10010, दुसरीकडे 65002:10010. सेशन हिरवंगार, पण समोरचे मॅक टेबलात येत नाहीत. माझं मत विचाराल तर शिकताना टार्गेट हातानेच लिहा, दोन ओळी जास्त गेल्या तरी चालतील. याच डिझाइनमध्ये स्पाइनवर स्वतःचा व्हीएनआय नसतो, त्यामुळे रूट टार्गेट राखून ठेवायला आणि नेक्स्ट हॉप न बदलायला त्याला वेगळं सांगावं लागतं. नाहीतर रूट तिथेच गळतात, किंवा पोचले तरी स्पाइनचाच पत्ता घेऊन पोचतात.

सिमेट्रिक आयआरबी, एनीकास्ट गेटवे, टाइप 5 हे सगळं राउटिंगचं, ते नंतर. आधी एक व्हीलॅन दोन लीफवर ताणून दाखवता आला पाहिजे.

लॅबसाठी क्लासची फी भरायची गरज नाही. नेक्ससचं व्हर्च्युअल मशीन रॅम खातं, पण कंटेनरलॅबमध्ये (कंटेनरमध्ये लॅब उभारणारं साधन) एफआरआरचे (मोफत राउटिंग सॉफ्टवेअर) दोन स्पाइन आणि दोन लीफ साध्या लॅपटॉपवर आरामात चालतात. फक्त लिनक्सवर व्हीएक्सलॅन इंटरफेस बनवताना व्हीएक्सलॅनचा ठरलेला यूडीपी पोर्ट 4789 स्वतः द्या. कर्नलचा जुना डिफॉल्ट 8472 आहे. लिनक्स-लिनक्समध्ये तो खुशाल चालतो आणि खऱ्या स्विचला जोडलं की गप्प होतो.