नाट्येतिहास शिकायला अमेरिकेत येताय? एक उन्हाळी हंगाम निवडा

नाट्येतिहासात एम.ए. करायला इकडे येणारी मराठी मुलं प्रबंधाच्या विषयाबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात एखादा मोठा नट किंवा ब्रॉडवे असतो. माझं म्हणणं त्यांना सुरुवातीला पटत नाही, तरी मी ते आग्रहाने सांगते: एक नाट्यगृह घ्या आणि त्याचा एकच हंगाम घ्या. त्यातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या करमणूक-उद्यानातलं नाट्यगृह मिळालं तर सोडू नका. मी कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातल्या एलिच गार्डन्स या उद्यानाचा १९०५चा उन्हाळा घेतला. नाटकाचा धंदा कसा चालतो हे मला त्या एका उन्हाळ्याने शिकवलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जागेची ओळख. जॉन आणि मेरी एलिच या जोडप्याने १ मे १८९० रोजी डेन्व्हरच्या वायव्येला, सफरचंदाच्या बागेत, प्राणिसंग्रहालय आणि करमणुकीची जागा सुरू केली. पुढच्याच वर्षी जॉन न्यूमोनियाने गेले. मध्यंतरी मालकी हातची गेली, पण मेरीबाईंनी ती परत मिळवली आणि १९१६ पर्यंत उद्यान चालवलं. त्या काळात एका बाईने एवढा पसारा सांभाळणं हाच एका प्रबंधाचा विषय आहे. उद्यानात दारूला मज्जाव होता. बायका-मुलांनी निर्धास्त यावं हा त्यामागचा हिशोब होता, आणि नाटकाचा प्रेक्षकही त्यातूनच तयार झाला. १८९६ मध्ये तिथे एडिसनच्या व्हायटास्कोपवर हलती चित्रं दाखवली गेली आणि १८९७ पासून दर उन्हाळ्यात नटांची मुक्कामी मंडळी, म्हणजे स्टॉक कंपनी, येऊ लागली.

उन्हाळाच का, हे नीट समजून घ्या. वातानुकूलन येण्याआधी शहरातली बंदिस्त नाट्यगृहं उन्हाळ्यात बंद व्हायची. नट मोकळे असायचे आणि त्यांना पोटासाठी काम हवं असायचं. दुसरीकडे विजेवरच्या ट्राम आल्या होत्या आणि ट्राम कंपन्यांना संध्याकाळी व सुटीच्या दिवशी डब्यांत माणसं हवी होती. कित्येक ठिकाणी तर ट्राम कंपनीनेच मार्गाच्या टोकाला उद्यान उभारलं. पिट्सबर्गजवळचं १८९८चं केनीवुड हे त्याचं ठळक उदाहरण. एलिच तसं ट्राम कंपनीचं नव्हतं, पण गर्दी ट्रामनेच यायची. त्यात डेन्व्हर समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे दिवसा कितीही तापलं तरी संध्याकाळी हवा गार. लाकडी, अष्टकोनी नाट्यगृहात बसून नाटक पाहणं तिथे सुसह्य होतं.

स्टॉक कंपनीची घडी आपल्या संगीत नाटक मंडळ्यांच्या अगदी उलट. १९०५ मध्येच बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले. त्या मंडळ्या ठरावीक नाटकं घेऊन गावोगाव फिरायच्या. एलिचला गाव तेच आणि प्रेक्षकही तोच, त्यामुळे नाटक दर आठवड्याला बदलावं लागे. रात्री चालू नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्या नाटकाची तालीम आणि उरलेल्या वेळात नक्कल पाठ करणं. त्या नकलेत नटाची स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे समोरच्याचे चार-दोन शब्द, एवढंच. ऐतिहासिक पोशाख कंपनी द्यायची, पण त्यांच्याच काळातलं नाटक असलं की कोट, गाऊन, बूट नटाने आपल्या पेटीतून काढायचे. नायिकेचं काम मागताना कपाटात किती गाऊन आहेत हे पाहावं लागे. नेमणुकाही भूमिकांच्या साच्यानुसार होत: नायक, नायिका, खलपुरुष, तरुण प्रेमी, म्हातारा, विनोदी, आणि पडेल ते काम करणारे. नाटकं निवडतानाही हे साचे भरले जातील ना, हे बघितलं जाई. हे कळल्यावर ‘अमुक नाटक इथे का केलं?’ या प्रश्नाचं उत्तर वाङ्मयीन अभिरुचीत शोधणं मी थांबवलं. उत्तर बहुधा कंपनीच्या हजेरीपटात असतं.

१९०५च्या मंडळीत सेसिल डिमिल नावाचा विशीतला नट होता. पुढे हॉलीवुडचा बडा दिग्दर्शक झाला तोच. त्या हंगामात पंधरा नाटकं झाली, त्यांतल्या अकरांत तो होता, आणि सगळ्या भूमिका किरकोळ. मॉड फीली ही त्या उन्हाळ्यातली ठळक नायिका. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. पन्नास वर्षांनी, १९५६च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये, चित्रपट त्याचा होता आणि छोटी भूमिका तिची. चरित्रग्रंथात हा उन्हाळा एखाद्या परिच्छेदात आटोपतो. हंगाम म्हणून वाचलात तर पंधरा आठवड्यांत एका तरुणाला किती प्रकारची नाटकं आतून बघायला मिळाली हे दिसतं. माझ्या मते दिग्दर्शक होण्यासाठी त्याहून चांगली शाळा त्या काळात नव्हती.

आता कामाची पद्धत. पहिल्या दिवसापासून एक तक्ता करा. प्रत्येक आठवड्याला एक ओळ, आणि रकाने असे: नाटक, लेखक, भूमिका-वाटप, परीक्षण, हवामान, उद्यानात त्या आठवड्यात आणखी काय होतं, आणि माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. हवामानाचा रकाना मार्गदर्शकांना आधी अनावश्यक वाटू शकतो, पण डेन्व्हरला जुलैमध्ये दुपारनंतर वादळी सरी येतात आणि पाऊस आला की उघड्या उद्यानाचा गल्ला बुडतो. रोजचा पाऊस आणि तापमान त्या वेळच्या वर्तमानपत्रांतच छापलेलं असतं.

वर्तमानपत्रांसाठी कोलोरॅडो हिस्टॉरिक न्यूजपेपर्स कलेक्शन हा संग्रह आहे. घरबसल्या, फुकट. न्यूयॉर्कहून निघणारं ‘क्लिपर’ हे धंद्याचं साप्ताहिक इलिनॉय विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात मिळतं. त्यात कोणती मंडळी कुठे आहे याच्या याद्या असतात. शोधताना एक लक्षात ठेवा. जुन्या छपाईत अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर रोमन ‘एच’ला सर्रास ‘बी’ वाचतं, त्यामुळे ‘एलिच’ टाकून काही मिळालं नाही म्हणजे बातमी नाही असं समजू नका. नटाचं आडनाव टाका, नाटकातल्या पात्राचं नाव टाका, आणि तरीही नाही मिळालं तर अंक पानापानाने वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण शेजारच्या स्तंभातली ट्रामची जाहिरात तुम्हाला तशीच सापडेल.

वर्तमानपत्र वाचतानाही भेद करा. प्रयोगाआधी येणारा कौतुकाचा मजकूर बहुतेक वेळा कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यानेच पुरवलेला असतो. प्रयोग पाहून लिहिलेला मजकूर निराळा, आणि तो आखूड असतो. जाहीर झालेलं नाटक ऐनवेळी बदलू शकतं. तक्त्यात ‘जाहीर’ आणि ‘झालं’ हे दोन वेगळे रकाने असू द्या.

मोठ्या नावांच्या मोहाबद्दल एक शब्द. एलिच म्हटलं की सगळे १९०६ मध्ये आलेल्या सारा बर्नहार्ट या जगप्रसिद्ध फ्रेंच नटीकडे धावतात. ती आली, दुपारी ‘कॅमिल’ आणि रात्री ‘ला सोर्सिएर’ असे दोन खेळ करून गेली. त्याच दौऱ्यात बड्या नाट्यगृहमालकांच्या सिंडिकेटने दारं बंद केल्यामुळे टेक्ससमध्ये तिला तंबूत खेळ करावे लागले होते. प्रसंग मोठा आहे, पण एका दिवसाचा. उद्यान चाललं ते मुक्कामी मंडळीच्या जिवावर.

नाटकाइतकंच उद्यानही वाचा. १९०५ मध्येच फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने बनवलेलं सहाव्या क्रमांकाचं कॅरोसेल, म्हणजे प्राण्यांवर बसून गोल फिरायचा पाळणा, एलिचला आलं. १९२८ मध्ये ते कोलोरॅडोच्या पूर्व टोकाच्या किट कार्सन काउंटीने विकत घेतलं आणि आज ते बर्लिंग्टन गावात चालू आहे. डेन्व्हरपासून अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, तरी जाच. चार रथ आणि हाताने कोरलेले ४६ प्राणी, नुसते घोडे नव्हेत, जिराफ आणि उंटसुद्धा. मूळ रंग शाबूत आहे. प्राणी वर-खाली होत नाहीत, फक्त गोल फिरतात, आणि तरीही वेग चांगलाच जाणवतो. वुर्लिट्झर कंपनीचं १९०९चं आपोआप वाजणारं ऑर्गन त्याच्यासोबत वाजतं. त्या आवाजाशेजारी उभं राहिलं की खुल्या उद्यानातल्या नटाला किती मोठ्याने बोलावं लागत असेल याचा विचार आपोआप सुरू होतो. हे वाद्य १९०५ नंतरचं आहे, म्हणून प्रबंधात त्याचा पुरावा म्हणून वापर करू नका. बर्लिंग्टनचं कॅरोसेल उन्हाळ्यातच चालतं. आधी वेळ पाहून घ्या.

नाट्यगृहाची इमारत मूळ जागीच, टेनिसन स्ट्रीट आणि ३८व्या अ‍ॅव्हेन्यूपाशी, उभी आहे. करमणूक-उद्यान मात्र १९९५ मध्ये शहराच्या मध्यभागी गेलं. दोन्हींची गल्लत करू नका. आजच्या उद्यानात जाऊन जुनं नाट्यगृह विचाराल तर निराशा होईल.

कागदपत्रांसाठी डेन्व्हर पब्लिक लायब्ररीचा पश्चिम-इतिहास विभाग. जाण्याआधी ई-मेल करून हवी ती खोकी मागवून ठेवा. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायची परवानगी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि प्रत्येक कागदाआधी खोक्याच्या व फोल्डरच्या क्रमांकाचा फोटो काढा. १९०५ मधलं छापील साहित्य अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे. अप्रकाशित पत्रांना वेगळे नियम लागतात.

पोटापाण्याचंही सांगते. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं आणि बाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते. बिनपगारी काम असलं तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. नोकऱ्या आहेत त्या संग्रहालयात, ग्रंथालयात, जुन्या नाट्यगृहांच्या जतनाच्या कामात. जागा थोड्या आणि पगार बेताचे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. अर्जासोबत प्रबंधाचा गोषवारा सगळेच जोडतात. तुम्ही तक्त्याची दोन-तीन पानं जोडा. विस्कळीत कागदातून नीट नोंद कशी काढता हे त्यांना तिथे लगेच दिसतं, आणि मुलाखतीत प्रश्नही त्यावरच येतात.