खुले पाठ्यपुस्तक आपल्या वर्गासाठी कसे घडवावे

फुकट मिळालेले प्रत्येक पुस्तक खुले नसते. पीडीएफ विनामूल्य उतरवता आली, म्हणून तिच्यात फेरफार करून ती वाटायला आपण मोकळे झालो असे होत नाही. ती मोकळीक परवाना देतो.

आधी अभ्यासक्रम समोर ठेवून कोणती प्रकरणे हवीत ते लिहून काढा. मग राईस विद्यापीठाचे ओपनस्टॅक्स, लिब्रेटेक्स्ट्स, एमआयटीचे ओपनकोर्सवेअर ही खुल्या अभ्याससाहित्याची संकेतस्थळे धुंडाळा. अख्खे पुस्तक जुळेलच असे नाही. दोन चांगली प्रकरणे सापडली तरी पुष्कळ झाले.

आता परवाना नीट वाचा. बहुतेकदा तो क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेच्या तयार परवान्यांपैकी एक असतो. 'सीसी बाय' असेल तर श्रेय देऊन भाषांतर, काटछाट, छपाई, अगदी विक्रीही करता येते. परवान्याच्या नावात 'एनसी' असेल तर व्यापारी वापर नाही. 'एसए' असेल तर बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. 'एनडी' दिसले की थांबा: ते पुस्तक जसेच्या तसे वाटता येते, पण त्याचे भाषांतर वाटता येत नाही. खरी अडचण दोन स्रोत एकत्र करताना येते. विकिपीडियाचा मजकूर 'बाय-एसए', तर ओपनकोर्सवेअरचा 'बाय-एनसी-एसए'. दोन्ही मिसळून एकच नवा धडा करता येत नाही, कारण प्रत्येकाला आपलाच परवाना पुढे चालायला हवा असतो. असे उतारे स्वतंत्र ठेवा. चित्रांखालच्या ओळीही तपासा. मजकूर खुला असूनही छायाचित्र दुसऱ्याच्या मालकीचे असू शकते.

श्रेयाच्या ओळीत शीर्षक, लेखक, मूळ दुवा आणि परवाना लिहा, आणि काय बदलले तेही सांगा: 'उदाहरणे 3 ते 7 नव्याने लिहिली.'

संपादन एकाच प्रकरणापासून सुरू करा आणि ते वर्गात शिकवून बघा. उदाहरणातले आकडे बदलले की शेवटची उत्तरसूची चुकते, हे हमखास निसटते. प्रत्येक गणित पुन्हा सोडवा. छपाई काळ्या-पांढऱ्यात होणार असेल तर आलेखातल्या लाल-निळ्या रेषा सारख्याच करड्या दिसतात. एक रेषा तुटक करा. सगळ्यांकडे इंटरनेट नसते, त्यामुळे छापील प्रत ही चैन समजू नका.

शेवटी पुस्तक नुसते पीडीएफमध्ये देऊ नका. संपादन करता येईल अशी मूळ फाइलही सोबत ठेवा, म्हणजे पुढच्या शिक्षकाला सगळे पुन्हा टंकावे लागणार नाही.