सुताशचं कानातलं: टाका घळीतच पडला पाहिजे

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन ‘सुताश’ मागितलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. ‘ब्लाऊजच्या गळ्याला लावतात ती चपटी दोरी, मधे घळ असलेली’ असं सांगा, लगेच तीन-चार रीळं पुढ्यात येतात. नाव फ्रेंच आहे, तेही हंगेरियन ‘शुयताश’वरून आलेलं. तिकडच्या हुसार घोडेस्वारांच्या कोटांवर या दोरीची नक्षी असायची. आपण कानात घालणार.

दोरी तीन मिलिमीटर रुंदीची घ्या. मी भाचीच्या साखरपुड्यासाठी राणी, हिरवा आणि सोनेरी असे पैठणीचे रंग घेतले होते. प्रत्येक रंगाचे २५ सेंटिमीटरचे दोन-दोन तुकडे लागतात. कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्या मधोमध कापा, नाहीतर टोक लगेच विसकटतं. त्याशिवाय ८ मिलिमीटरचे दोन मोती, ४ मिलिमीटरचे चार मणी, मणीकामाची १० किंवा १२ नंबरची सुई आणि बारीक नायलॉनचा दोरा. शिवणाची साधी सुई मण्यातून जात नाही, उगाच हट्ट करू नका.

आता दोरी नीट बघा. तिच्यावर वेणीसारखे बारीक ‘व्ही’ असतात. तिन्ही दोऱ्यांचे व्ही एकाच दिशेला हवेत. माझ्या पहिल्या जोडीत सोनेरी दोरी उलटी लागली आणि उजेडात ती मळकी दिसायला लागली. दोष कळला तेव्हा मागचा कपडासुद्धा चिकटवून झाला होता.

तीन दोऱ्या वहीच्या पानांसारख्या एकावर एक धरा. मध्यावर सुई वरच्या घळीतून घाला आणि खालच्या घळीतून काढा. असे तीन-चार टाके घाला, मोत्याच्या रुंदीइतके. टाका घळीबाहेर पडला की दिसतो, आणि दोरा जास्त ओढला की दोरीला चुण्या पडतात. मग सुई मोत्यातून वर काढा, दोन्ही बाजू मोत्याला वेढून वर जुळवा आणि सहाही पदरांतून आरपार दोन-तीन टाके घ्या. इथे बोटं दुखतात. सुई अडली तर चपट्या पकडीने ओढा.

वर जुळल्यावर एक बाजू डावीकडे आणि एक उजवीकडे वळवा. प्रत्येक बाजूला एक छोटा मणी शिवून दोरी त्याच्याभोवती फिरवा आणि टोक मागे न्या. प्रत्येक पायरी दोन्ही कानातल्यांवर बरोबरीने करा. एक पूर्ण करून दुसरं घेतलं की ते हमखास मोठं होतं. हाताची ओढ तासाभरात बदलते.

टोकं मागे शिवून अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा आणि कापडाच्या डिंकाचा अगदी पातळ हात द्या. जास्त झाला तर डिंक घळीतून पुढे येतो आणि वाळल्यावर सुई शिरत नाही. लायटरने टोक वितळवण्याची युक्ती फक्त पॉलिएस्टरला चालते. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. माझी एक हिरवी दोरी अशीच काळी झाली.

मागे फेल्ट किंवा पातळ चामडं लावा. आकार पेन्सिलीने आखून, कडेला किंचित आत कापा म्हणजे पुढून दिसत नाही. कडा बारीक टाक्यांनी शिवा, वरच्या जोडावर छोटी कडी पक्की शिवा, तिच्यात आकडा अडकवा.

कानातलं पाण्यापासून जपा. अत्तर आधी लावा, ते वाळलं की मगच कानातलं चढवा.