बेदाण्यातली काडी एफपीजीएवर टिपायची तर आधी कडा शोधा

मी कुपवाडच्या एमआयडीसीत मशिनांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. तासगावला एका बेदाणा शेडवर कामाला गेलो होतो. पट्ट्याशेजारी बसून बायका दिवसभर काड्या वेचत होत्या, मान वर करायला सवड नाही. हे काम कॅमेऱ्याने हलकं व्हावं, असं तेव्हापासून मनात आहे. त्यातली पहिली पायरी, सोबेलने (शेजारच्या पिक्सेलमधल्या उजेडाच्या फरकावरून कडा ओळखायची रीत) चित्रातल्या कडा शोधणं, इथे सांगतो.

माझ्याकडे बेसिस ३ हा एफपीजीए बोर्ड (एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण कोडने ठरवतो अशी चिप) आणि ओव्ही७६७० कॅमेरा आहे. कोड लिहिण्याआधी कागद घ्या. ६४० बाय ४८० चं राखाडी चित्र, पिक्सेलला ८ बिट, म्हणजे २४,५७,६०० बिट झाले. बोर्डावरच्या आर्टिक्स-७ चिपची ब्लॉक रॅम, म्हणजे चिपमधलीच मेमरी, १८०० किलोबिट. अख्खं चित्र मावत नाही, आणि मावायची गरजही नाही. पट्ट्यावरून मणी यावेत तसे पिक्सेल एकामागून एक येतात. सोबेलला ३ बाय ३ ची खिडकी लागते, त्यासाठी मागच्या २ ओळी धरून ठेवल्या की भागतं. ते फक्त १०,२४० बिट.

नवा पिक्सेल आला की दोन्ही ओळींतले त्याच जागेचे पिक्सेल बाहेर काढा. तिघांचा मिळून खिडकीचा नवा रकाना होतो, जुने रकाने एकेक घर सरकतात. मग नवा पिक्सेल पहिल्या ओळीत आणि पहिलीतला जुना दुसरीत लिहा. ५ पिक्सेलच्या ओळी आखून हे एकदा हाताने चालवाच. ओळ सुरू होताना खिडकीत मागच्या ओळीचं शेपूट येतं, तिथे उत्तर शून्य धरा.

खिडकीच्या उजव्या रकान्यातून डावा वजा केला की आडवा फरक, खालच्या ओळीतून वरची वजा केली की उभा फरक. त्यात मधल्या पिक्सेलला २ ने आणि टोकाच्यांना १ ने गुणायचं, गुणक एवढेच आहेत. दुप्पट करायला एक बिट डावीकडे सरकवा. वर्गमूळही नको, आडव्या-उभ्या फरकांची चिन्हं काढून बेरीज करा.

माझे दोन आठवडे गेले ते चिन्हापायी. फरक −१०२० ते १०२० असतो, त्याला चिन्हासकट ११ बिट लागतात. व्हेरिलॉगमध्ये (एफपीजीएचा कोड लिहायची भाषा) रजिस्टरला साइन्ड, म्हणजे चिन्हासकट, लिहायचं राहिलं आणि −५ चे २०४३ झाले. रिकाम्या पट्ट्यावरही पांढरे ठिपके! मी कॅमेऱ्याच्या वायरी बदलत बसलो. म्हणून हेच पूर्णांकी गणित आधी पायथनमध्ये लिहा, बेदाण्याचा एकच फोटो त्यातून आणि सिम्युलेशनमधून काढा, आणि पिक्सेलला पिक्सेल ताडून पाहा. एकाही पिक्सेलचा फरक असेल तर बोर्ड जोडू नका.

कॅमेरा वाययूव्हीवर (उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवायची पद्धत, वाय म्हणजे उजेड) ठेवा. पिक्सेलमागे दोन बाइट येतात, त्यातला वाय घेतला की राखाडी रंग आयता मिळतो. कॅमेऱ्याचं क्लॉक वेगळं, बोर्डाचं १०० मेगाहर्ट्झचं वेगळं, म्हणून मध्ये असिंक्रोनस फिफो (दोन वेगळ्या क्लॉकमध्ये पिक्सेल रांगेत धरून ठेवणारी मेमरी) घालाच.

कडेची बेरीज २०४० च्या वर जात नाही. बोर्डावर १६ स्विच आहेत, त्यातले ११ उंबरठ्याच्या आकड्याला (बेरीज त्याच्या वर गेली तरच कडा धरायची) द्या. शेडमध्ये ऊन सरकलं की लॅपटॉप न उघडता तिथल्या तिथे आकडा बदलता येतो.