पालक ऊसतोडीला निघाले की पोरांची शाळा कशी टिकवायची

बीड जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना मी एकच सांगते: पोळा झाला की घरभेटी सुरू करा. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर भरायला लागले की कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतं. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, कधीच खर्चून झालेली असते आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाचे फोनवर फोन चालू असतात.

‘कोणत्या कारखान्याला?’ एवढंच विचारून उठू नका. ‘गाडी सेंटर का डोकी सेंटर?’ हे विचारा. बैलगाडीवाले कारखान्याजवळच्या तळावर बहुतेक हंगामभर एकाच जागी असतात. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत पोर बसू शकतं. डोकी सेंटरची, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणारी टोळी मात्र उसाचा फड संपला की कोपी (झोपडी) मोडून पुढच्या गावाला. शाळेत पोराची ओळख होईतो मुक्काम हलतो. अशा पोराला गावातच ठेवा, इथे माघार घेऊ नका.

त्यासाठी आजीशी वेगळं बोला. सून-मुलासमोर ती ‘ठेवते की’ म्हणते, एकटीला विचारलं की गुडघे दुखतात, सरपण कोण आणणार, हे बाहेर येतं. हंगामी वसतिगृह असेल तर दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते, झोपायला पोरं आजीकडे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लवकर करून प्रस्ताव पाठवा. मंजुरी रेंगाळली की पोरं आई-बापाच्या मागोमाग निघतात.

मोठ्या मुलीबाबत खरा प्रश्न वेगळाच असतो: धाकट्याला कोण सांभाळणार? आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात आणि ताडपत्री-पाचटाच्या कोपीत ही दहा वर्षांची पोर, कडेवर भाऊ, चुलीवर भाकरी. आत वाकून शिरावं लागतं, वही ठेवायला कोरडा कोपरा नसतो. मुलगी वयात आली की आणखी अवघड. गावात एकटी ठेवायची भीती, तळावर न्यायचीही भीती; मग लग्न उरकतात. मजूर ठरवताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, हा हिशेबही असतोच. मावशी, चुलती, कुणीतरी बाई माणूस तिच्यासाठी आधीच ठरवून घ्या.

पोर जाणारच असेल तर तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड भरून द्या. नुसती इयत्ता लिहू नका, जोडाक्षरं वाचतं का, हातच्याची बेरीज येते का, तेही लिहा. कार्ड दप्तरात नको, आधार-रेशनकार्डाच्या पिशवीत आईकडे द्या. हजेरीपटावरून नाव काढू नका. आणि आईला बजावून सांगा, दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तसं आहे. तिकडच्या गुरुजींना स्वतः फोन केलात तर जास्त लवकर काम होतं, हा माझा अनुभव.

गुढीपाडव्याच्या आगेमागे पोरं परततात. लगेच चाचणी घेऊ नका. आधी वजन घ्या, हातापायांवरच्या जखमा बघा, लस राहिली असेल तर आशाताईंना कळवा. वाचन मागे पडलेलं असतं, पण मोळ्या, खेपा आणि टनाचा भाव तोंडपाठ असतो. गणित तिथूनच सुरू करा.